सध्या थोरल्याकडे

लिफ्ट हलली तेव्हा थोरला तिच्या टपावर उकिडवा बसून दाराच्या कुलपाचा स्क्रू पिळत होता. आधी त्याला वाटलं, आपल्यालाच गरगरतंय. गेले काही महिने तसं व्हायचं. वाकून उठलं की समोरची भिंत जराशी सरकायची आणि मग आपली आपण जागेवर यायची. या वेळी ती आली नाही. विटा, रंगवलेला तिसऱ्या मजल्याचा आकडा, तेलाने काळे पडलेले रूळ, सगळं संथपणे खाली चाललं होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, की खाली काही जात नाहीये, आपण वर चाललोय. त्याने मान आत घेतली, गुडघे छातीशी ओढले आणि मधला लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. चौथा. पाचवा. पलीकडून लिफ्टला तोलणाऱ्या वजनाचा भलामोठा ठोकळा उलट्या दिशेने इतक्या जवळून गेला, की त्याच्या वाऱ्याने शर्टाची बाही फडफडली. सातव्यावर लिफ्ट थांबली. इमारत नऊ मजल्यांची होती. नवव्यावरून कोणी बोलावलं असतं, तर त्याचं डोकं आणि वरची तुळई यांच्यात किती जागा उरली असती हे त्याला पाठ होतं, कारण नव्या माणसांना शिकवताना तो ती जागा हाताची वीत करून दाखवत असे.

लिफ्ट जागीच अडवणारं लाल बटण दाबलेलंच नव्हतं. टपावर उतरलं की आधी ते दाबायचं, मग श्वास घ्यायचा, असं तो सगळ्यांना बजावायचा आणि पोरं हसायची. आता त्याने ते इतक्या जोराने दाबलं की तळहातावर वळ उठला. भीती वाटायला हवी होती. त्याने क्षणभर तिची वाटही पाहिली. पण आली ती तिडीक, तळपायातून थेट मस्तकात. कोणी बोलावली लिफ्ट? कोणाचे पाय मोडले होते? आठव्या मजल्याचं दार आतून सरकवून तो बाहेर चढला, जिना उतरून सातव्यावर आला. लिफ्टच्या आत एक शिक्षिका उभी होती, छातीशी वह्यांचा गठ्ठा धरून, तळमजल्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत.

"अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही?" तो ओरडला. "वर माणूस काम करतोय. मेलो असतो मी."

"मला कसं कळणार, वर माणूस आहे म्हणून?" ती म्हणाली. "पाटी कुठाय तुमची?"

'काम चालू'ची पाटी त्याच्या पिशवीत होती, डब्याच्या फडक्याखाली. दर मजल्यावर नाही तर निदान तळमजल्यावर तरी लावायची असते. पिशवीतून पकड काढताना त्याचा हात त्या पाटीला लागलाही होता. तो आणखी काहीतरी ओरडला, काय ते त्याला नंतर आठवलं नाही. एकदोन दारं उघडली, माणसं डोकावली. शिक्षिका मात्र आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही पडाल हं. पायरीवर बसा बघू जरा." ती उलटून भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला भांडण भेटलं की माणूस मोकळा होतो. ही बाई चार शब्द मायेचे टाकून वह्या सावरत सात मजले चालत उतरून गेली. तो पायरीवर बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, कारण बसलो तर उठणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला. बाईमाणसाच्या अंगावर ओरडलात म्हणे. हो, तो म्हणाला. कारण साहेबांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. "डोकं तापलंय तुमचं," साहेब म्हणाले. "आज घरी जा. पण उद्या दहाला ऑफिसात या, व्याख्यान आहे. कामाचा ताण आणि जीवनातलं संतुलन. सगळ्यांना सक्तीचं आहे." गेल्या महिन्यात त्याने चार दिवसांची रजा मागितली होती, तेव्हा हेच साहेब माणसं कमी आहेत म्हणाले होते. व्याख्यान ऐकायला बरी माणसं निघाली. संतुलन म्हणजे काय ते त्यानेच उभं राहून सांगितलं असतं, एका वाक्यात. दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लागतं. ते नसेल तर मोटार कितीही चांगली असू द्या, एक दिवस जळते.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी त्याचे डोळे मिटेनात. दुपारचे दोन वाजले होते आणि या वेळचं शहर त्याला ओळखीचं नव्हतं. इतकी माणसं दुपारी मोकळी असतात? त्यांचाही राग आला. चौदा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर सगळं ठरलं होतं, ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आईची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता जे काय ते घरीच. धाकटा म्हणाला, "सध्या दादाकडे ठेवू. तळमजला आहे, खुर्चीला सोयीचं. पुढचं पुढे." थोरला म्हणाला, "आमचं चालेल." बायको बाकाच्या टोकाला बसली होती, ती काहीच म्हणाली नाही, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने खुंटीला सदरा अडकवावा, मग कपाट मागावं, मग शिधापत्रिकेत नाव घालून घ्यावं, तसं ते 'सध्या' घरात ठाण मांडून बसलं. बायको बेकरीत जायची, पहाटे चार ते बारा. आठ ते साडेबारा एक बाई येऊन बसायची. साडेबारा ते सात बायको, सातनंतर तो. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. रात्रीचे गजर दोघांनी वाटून घेतले होते. नवराबायको आता एकमेकांना फक्त पाळी बदलणाऱ्या कामगारांसारखी भेटत. औषध दिलं का. दिलं. पाणी प्यायली का. अर्धी वाटी.

आणि आईकडे एकच शब्द उरला होता. तिची जीभ म्हणजे एकेकाळी धारेची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. शाळेची सहल असो, नवे बूट असोत, ती 'हो' किंवा 'नाही' म्हणायचीच नाही. बघू, म्हणायची. त्या बघूवर दोघा भावांनी आख्खं लहानपण काढलं. मेंदूतलं बाकी सगळं पुसलं गेलं आणि नेमका तो शब्द राहिला. भूक लागली, बघू. दुखलं, बघू. पहाटे तीनला कूस बदलताना तिने त्याच्या कानाशी बघू म्हटलं, की थोरल्याला वाटायचं, ही मुद्दाम करतेय. नंतर त्याची लाज वाटायची. लाजेलाही ताकद लागते, म्हणून हल्ली तीही वाटेनाशी झाली होती.

धाकटा दर रविवारी फळं घेऊन यायचा. तासभर बसायचा, आईचा हात हातात घ्यायचा, निघताना विचारायचा, "कसं चाललंय, दादा?" आणि मधल्या वारी फोनवर काहीबाही पाठवायचा. चार मोजून श्वास आत घ्या, सात मोजून रोखा. दिवसातला अर्धा तास स्वतःसाठी काढा. काढा म्हणे, जसा काही तो फडताळात डब्यामागे ठेवलाय. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? थोरला ते सगळं बघायचा, अंगठा दाखवणारं चित्र परत पाठवायचा, आणि फोन उशीखाली दाबून ठेवायचा.

घराचं दार त्याने किल्लीने उघडलं. आत कसलाच आवाज नव्हता. बायको जमिनीवर बसल्या बसल्या झोपली होती, डोकं आईच्या पलंगाच्या कडेवर, एका हातात चमचा तसाच. कालवलेल्या अन्नाची वाटी गादीवर होती आणि आईने ती डाव्या हाताने धरून ठेवली होती, तिरकी होऊ नये म्हणून. आईच्या हनुवटीवर घास वाळला होता. तो कधीचा वाळला असेल याचा थोरल्याने अंदाज केला, तासभर तरी. तासभर ही बाई, जिला धड बसता येत नाही, जिचा हात दोन मिनिटांत कापायला लागतो, वाटी धरून निश्चल पडून होती. त्याला पाहताच तिने डोळे मोठे केले आणि मान किंचित हलवली. उठवू नकोस.

त्याला रडू यायला हवं होतं. उलट त्याचा संताप इतका वाढला, की त्याने दाराची चौकट धरली. आता रागवायचं कुणावर? इतके महिने राग या पलंगावर ठेवता येत होता, निदान रात्रीच्या गजराला तरी. आज आईने तेवढीही जागा ठेवली नाही. त्याने वाटी तिच्या हातातून घेतली, तिची हनुवटी पुसली. बायकोच्या हातातला चमचा काढला तरी तिला जाग आली नाही. ओठ अर्धवट उघडे, बोटांच्या पेरांत पीठ. किती दिवसांत त्याने तिला उजेडात नीट पाहिलं नव्हतं. आणि मग, काही ठरवलं असं न वाटताच, तो कामाला लागला. औषधांची पिशवी भरली. चादरी, रबरी कापड, कपडे. आईला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. औषधांच्या तक्त्यामागे लिहिलं, आईला धाकट्याकडे नेतोय. कागद बायकोच्या गुडघ्याशी ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.

टॅक्सीत आई खिडकीशी होती. तिच्या एकाच पायात चप्पल होती हे त्याला आता दिसलं. गाडी वळली की ती डाव्या हाताने सीटची कड धरायची, पण नजर बाहेर. एक माणूस शिडीवर चढून भिंत रंगवत होता, ती मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग एक कुत्रं, मग शाळा सुटलेली पोरं, मग दुकानाबाहेर रचलेल्या बादल्या. अधाशासारखी बघत होती. चौदा महिन्यांत दवाखाना सोडून आपण हिला उंबऱ्याबाहेर काढलंच नाही, हे त्याच्या मनात आलं. न्यायला सवड कुठे होती, असं त्याने लगेच स्वतःला उत्तरही दिलं, भांडल्यासारखं. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "आजींना बरं नाही का?" थोरला म्हणाला, "तुम्ही समोर बघा."

धाकट्याचं दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने खुर्चीकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. "दादा, काय झालं? आईंना काही—"

"काही झालेलं नाही. आई राहायला आलीय."

"आज?"

"आज."

ती बाजूला झाली. दारात चाकाची खुर्ची आली की कोणालाही बाजूला व्हावंच लागतं. धाकटा त्या दिवशी घरूनच काम करत होता. तो गळ्यात हेडफोन अडकवून आतून आला आणि जागीच थबकला. "दादा, अरे फोन तरी करायचास."

"चौदा महिन्यांत तू केलास? की दादा, आता आण तिला इकडे?"

"दर रविवारी विचारतो मी. कसं चाललंय म्हणून विचारतो. तू काय म्हणतोस? चाललंय. पुढच्या रविवारी? चाललंय. मी काय मनकवडा आहे?"

"डोळ्यांना दिसत नाही तुझ्या?"

धाकट्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, त्यांची वायर गुंडाळली, पुन्हा सोडली. "दिसतं," तो म्हणाला. "दिसत होतं म्हणूनच नीट विचारत नव्हतो."

थोरल्याने धाकट्याच्या सबबींना तोंड द्यायची तयारी करून ठेवली होती, प्रत्येकीला उत्तर होतं. बसमध्ये, टॅक्सीत, त्याआधी कित्येक रात्री त्याने हे भांडण घासूनपुसून लख्ख केलं होतं. या वाक्याला त्यात जागाच नव्हती. लहानपणी त्याने याला दगडाने मारलं होतं, भुवईवर अजून खूण होती. तसा एक दगड आता हातात असता तर बरं, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी कळलं की 'चाललंय' हा शब्द कुणी आपल्या तोंडात कोंबला नव्हता. थोरल्याला कसं थकता येईल? थोरल्याने मागायचं कुणाकडे? तो ताठा त्याचा स्वतःचा होता, आणि त्याचं भाडं घरात झोपलेली बाई भरत होती.

तो औषधं सांगू लागला. सकाळची ही, रात्रीची ही. पाणी चमच्यानेच, ठसका लागतो. दोन तासांनी कूस. धाकट्याच्या बायकोने फोनमध्ये सगळं लिहून घेतलं, तिची बोटं चुकत होती. "दादा, चिडू नका," ती म्हणाली, "पण कधीपर्यंत?"

"सध्या," तो म्हणाला. तिचा चेहरा उतरला आणि त्याला त्यात नीचपणे बरं वाटलं, घटकाभरच. "रविवारी संध्याकाळी न्यायला येईन. पुढच्या गुरुवारी पुन्हा आणून सोडीन. दर आठवड्याला."

धाकटा आईसमोर उकिडवा बसला. "आई, राहशील ना इथे?"

"बघू," आई म्हणाली.

कोणालाच हसू आलं नाही. थोरला निघायला वळला तर तिने त्याची बाही पकडलेली. डाव्या हाताची सगळी ताकद त्या मुठीत होती. त्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. चौथं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा घट्ट व्हायचं. सुटल्यावर तो मागे न बघता बाहेर पडला आणि लिफ्ट असूनही जिन्याने उतरला.

बायको रिकाम्या पलंगावर बसली होती, कागद मांडीवर. पाच वाजून गेले होते. तो म्हणाला, "झोपलीस का पुरेशी?" आणि म्हणता क्षणीच कळलं की हे म्हणायला नको होतं.

"मी किती वेळा सांगितलं, भावोजींशी बोला," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "मी बोलते म्हटलं तर म्हणालात, माझ्या घरचं मी बघीन. आणि आज मला न उठवता. अहो, मला जाग आली तर पलंग रिकामा. मला वाटलं, गेल्या. मी झोपले म्हणून गेल्या, आणि तुम्ही येऊन त्यांना घेऊनही गेलात. तो कागद पलंगाखाली उडाला होता. तो सापडेपर्यंत मी काय काय पाहिलं, ते तुम्हाला नाही कळायचं."

"तुला विश्रांती मिळावी म्हणूनच—"

"माझं नाव पुढे करू नका. तुम्हाला राग काढायचा होता."

 तो जमिनीवर बसला, दुपारी ती बसली होती तिथेच, आणि मग त्याने तिला लिफ्टचं सांगितलं. बटण, वजनाचा ठोकळा, सातवा मजला. सांगताना आवाज कोरडा होता, तक्रारवहीत लिहिल्यासारखा. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "पाटी?"

"पिशवीत होती."

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. तिचा राग उतरला नव्हता, फक्त त्या रागाने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. "उद्या त्या व्याख्यानात जाऊन बसू नका," ती म्हणाली. "साहेबांकडे जा. आत्ता मला सांगितलंत तसंच्या तसं सांगा. बटण दाबायचं विसरलो, पाटी लावायची विसरलो, मला रजा हवी."

"नोकरीवर येईल."

"येऊ दे. जिवावर आलं होतं ते तुम्ही ओरडून झाकलंत. पोरांना कोण शिकवणार आता, आधी लाल बटण म्हणून?"

हे त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सहाचा गजर झाला तेव्हा दोघंही सवयीने उठली आणि पलंगाच्या दोन बाजूंना उभी राहिली. मग तिने गजर बंद केला. घर फार मोठं वाटत होतं. तिने उशीचा अभ्रा काढला, तो धुवायला टाकला, दुसरा घातला. काय करायचं असतं या वेळी, हे दोघांनाही सुचेना.

साडेसहाला फोन वाजला. धाकटा. "दादा, तिला पलंगावर घ्यायचंय. खुर्चीतून उचलतोस कसं तू? दोनदा बघितलं, जमत नाही."

"थांब, मी—" तो म्हणाला. बायको त्याच्याकडे बघत होती. तिने नको अशी मान हलवली, एकदाच. त्याने पायात अर्धवट घातलेली चप्पल काढली. "मी सांगतो. फोन टेबलावर ठेव, आवाज मोठा कर. पलंग तिच्या डाव्या बाजूला येऊ दे. चाकं अडकव. अडकवलीस? बघ हलवून. आता तिची पावलं जमिनीला टेकव. तुझा गुडघा तिच्या उजव्या गुडघ्याला लाव, तो दुमडतो. काखेत हात घालू नकोस, खांदा निखळेल. कमरेमागून धर. तिला पुढे झुकू दे, तुझ्या खांद्यावर. आता चल म्हण, आणि ओढू नकोस. ती स्वतः जोर लावते. तिच्यासाठी थांब." सांगता सांगता तो स्वतः गुडघे वाकवून उभा होता, दोन्ही हातांचा विळखा मोकळ्या हवेला घालून. पलीकडून चाकाची करकर आली, धाकट्याच्या बायकोचं सावकाश, सावकाश, मग आईचं लागोपाठ दोनदा बघू, आणि पलंगाचा आवाज.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याला धाप लागली होती. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला, कोणी मोजलेला नव्हे. "किती जड आहे रे ही."

"हो."

"तू रोज असं?"

"दिवसातून सहा वेळा."

 धाकटा 'चुकलं' म्हणाला असता तर थोरल्याने फोन भिंतीवर फेकला असता, आणि तसं म्हणाला नाही याचाही राग आलाच. राग कुठे गेला नव्हता. तो छातीत तसाच होता, पण आता त्याच्याखाली पाय टेकायला जागा झाली होती.

"आता कूस कधी?" धाकट्याने विचारलं.

"साडेआठला. मग साडेदहाला."

"रात्रीपण?"

"रात्रीपण."

"बरं."

येतो मी, हे शब्द थोरल्याच्या अगदी दातांशी आले होते. त्याने दात आवळले. "पाठीला उशी लाव," तो म्हणाला, "नाहीतर घसरते ती," आणि धाकट्याने आणखी काही विचारायच्या आत फोन ठेवला.